स्पीकरच्या पाठीवरची पितळी पट्टी

स्पीकर समोरून कितीही देखणा असो, त्याची भानगड पाठीवर असते. साध्या स्पीकरला तिथे दोनच टर्मिनल, एक लाल, एक काळं. जरा महागडा घेतला की चार दिसतात, आणि वरच्या-खालच्या जोड्या बांधणाऱ्या दोन पितळी पट्ट्या. हौशी माणसाच्या झोपेचं खोबरं करतात त्या या पट्ट्याच.

चार टर्मिनल असताना दोनच वापरायची म्हणजे पंगतीत बसून निम्म्या ताटावर उठण्यासारखं वाटतं. मग पट्ट्या निघतात. ॲम्प्लिफायरच्या एकाच लाल-काळ्या जोडीतून दोन केबल निघतात, एक खाली वूफरला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या पडद्याला, दुसरी वर ट्वीटरला, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्याला. हे बाय-वायरिंग. आतल्या क्रॉसओव्हरचे, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटचे, दोन भाग सुटे होतात, त्यामुळे खर्जाचा करंट एका केबलमधून जातो आणि वरच्या स्वरांचा दुसरीतून. कागदावर पटतं. पण दोन्ही केबल ॲम्प्लिफायरपाशी एकाच स्क्रूखाली येतात. म्हणजे जोड तोच, फक्त मागे सरकलेला. गंमत पुढेच आहे. त्याच दोन सारख्या केबल पट्ट्या न काढता लावल्या तर त्या समांतर होतात आणि वूफरपर्यंतचा रोध निम्मा होतो. पट्ट्या काढल्या की वूफरच्या वाट्याला पुन्हा एकच केबल!

ॲम्प्लिफायरच दोन असतील, म्हणजे बाय-ॲम्पिंग असेल, तर मात्र पट्ट्या काढायलाच हव्यात. विसरलात तर दोन ॲम्प्लिफायरची आउटपुटं एकमेकांना भिडतात. नशीब असेल तर आतलं प्रोटेक्शन सर्किट ॲम्प्लिफायर बंद पाडतं, नसेल तर जळका वास येतो.

खरा हिशेब जाडीचा. दुकानात ‘दीडची’ म्हणून मिळते ती दीड स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०१३ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे किरकोळच. पाव स्क्वेअर एमएमची केसासारखी वायर मात्र त्याच अंतरात ०.८ ओहम घेऊन बसते, स्पीकरच्या रोधाचा दहावा हिस्सा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून दीडची, लांब पल्ल्याला अडीचची जोडवायर आणली की केबलवरचा बाकीचा खर्च हौसेच्या खात्यात. फक्त टोकाशी जेमतेम १ सेंटिमीटर सोला आणि तारा नीट पिळा. सुटलेली एकच तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट.

दुसऱ्या खोलीसाठी आणखी एक जोडी लावायची असेल तर आधी ॲम्प्लिफायरच्या पाठीवरचा आकडा वाचा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात. ‘किमान ८’ लिहिलेला ॲम्प्लिफायर त्यावर तापतो आणि आवाज वाढवला की बंद पडतो. एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडले तर १६. ॲम्प्लिफायर निवांत, पण आवाज उतरतो.

या सगळ्यापेक्षा कानाला जास्त जाणवते ती एक फुकटची चूक, एका बाजूचं लाल-काळं उलट होणं. दोन्ही पडदे विरुद्ध दिशेने हलतात, तबल्याचा डग्गा पोकळ होतो आणि मधोमध बसायला हवा तो गायक खोलीभर पसरतो. शंका आली तर ॲम्प्लिफायर बंद करा, त्याच्याकडची तारेची टोकं सोडवा आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धन टोक ॲम्प्लिफायरच्या लाल टर्मिनलवरून सुटलेल्या तारेला. वूफरचा पडदा पुढे आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर त्याच स्पीकरच्या तारा उलटवा. वैतागून दोन्हींच्या उलटवल्यात, तर गायक जिथे हरवला होता तिथेच राहील.