एका अंशानं काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हापासून हा प्रश्न मला विचारला जातो, आणि आता निवृत्तीनंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच. "मॅडम, आपल्या ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे तीन-चार अंश आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर. आपण तगतोच ना? मग तिकडे आइसलँड-अलास्कात सरासरी एक-दोन अंशांनी वाढली तर एवढाल्या हिमनद्या मागे का हटतात?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या तीन आणि पंचेचाळीसच्या मधे शून्य येतच नाही. बर्फाचं सगळं आयुष्य त्या शून्याभोवती आहे. उणे एकला हिम पडतं, अधिक दोन-तीनला पाऊस. अंटार्क्टिकाच्या पठारावर भर उन्हाळ्यातही उणे तीसच्या आसपास असतं. तिथे एक अंश वाढला तरी वरचा बर्फ वितळत नाही. पण आइसलँड, दक्षिण अलास्का, नॉर्वे, पातागोनिया या उपध्रुवीय पट्ट्यातल्या हिमनद्या शून्याला खेटून आहेत. त्यांना एक अंश पुष्कळ होतो.

हिमनदी म्हणजे जमाखर्च. हिवाळ्यात वरच्या भागात हिम साचतं ती जमा, उन्हाळ्यात खालच्या भागात वितळतं तो खर्च. दोन्ही जिथे बरोबरीला येतात ती समतोल रेषा. डोंगरावर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा एका अंशानं तापली की ही रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकणार. माथा उंच असेल तर हिमनदी आखडते आणि टिकते. माथा बुटका आणि सपाट असेल तर रेषा माथ्याच्याही वर निघून जाते आणि जमेची जागाच उरत नाही. आइसलँडमधल्या ओक नावाच्या ज्वालामुखीवर हेच झालं. ओद्दुर सिगुर्डसन या हिमनदीतज्ज्ञांनी २०१४ मध्ये जाहीर केलं की ओकयोकुल आता हिमनदी नाही. बर्फ इतका पातळ झाला होता की स्वतःच्या वजनानं सरकेना. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक बसवला, त्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं त्या वेळचं प्रमाणही कोरलं आहे: ४१५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५ भाग. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवायचे, आणि दर वेळी वाचताना मला वाईट वाटायचं.

एका अंशाचं काम एवढ्यावर थांबत नाही. हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना जिथे हिम पडायचं तिथे पाऊस पडू लागतो, म्हणजे जमा घटते. वितळण्याचे दिवस वाढतात, म्हणजे खर्च वाढतो. ताजं हिम ऊन जवळजवळ ८० ते ९० टक्के परत फेकतं. ते लवकर संपलं की खालचा जुना, मळका बर्फ उघडा पडतो आणि तो निम्म्याहून जास्त ऊन गिळतो. शिवाय वितळत्या बर्फाचं तापमान शून्याच्या वर जातच नाही. येईल ती उष्णता वितळवण्यातच खर्च होते, थर्मामीटरवर काही दिसत नाही. म्हणून आकडा लहान आणि परिणाम मोठा.

कुणीतरी हटकून सांगतं की काही हिमनद्या तर वाढतात. खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. नॉर्वेची ब्रिक्सडाल १९९० च्या दशकात पुढे सरकत होती, कारण त्या काळात ओलसर वारे आले आणि हिवाळी हिम भरपूर पडलं. पुढे उन्हाळा वरचढ ठरला आणि तीही झपाट्यानं मागे गेली. समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांची तऱ्हा आणखी वेगळी. अलास्काची कोलंबिया हिमनदी १९८० च्या सुमारास आपल्याच गाळाच्या बांधावरून मागे सरली, तिचं मुख खोल पाण्यात आलं, कडे तुटत गेले, आणि ती वीस किलोमीटरहून जास्त मागे हटली. तिथे पहिला धक्का हवामानाचा, पण पुढचा वेग समुद्रतळाच्या आकाराचा. त्याच अलास्कात हबर्ड हिमनदी मात्र पुढे येते आहे. एकेका हिमनदीवरून हवामानाचा निवाडा करू नये, असं माझं मत त्यामुळेच आहे. जगभरचा हिशोब एकत्र पाहावा.

तो हिशोब झालेला आहे. १८५० च्या सुमारास छोटं हिमयुग, म्हणजे त्याआधीचा काही शतकांचा थंड काळ, सरलं, तेव्हा हिमनद्या आपोआपही मागे हटू लागल्या होत्या. २०१४ च्या एका अभ्यासानुसार १८५१ ते २०१० या काळात अंटार्क्टिका सोडून जगातल्या हिमनद्यांचा जो बर्फ गेला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा माणसामुळे गेला. पण १९९१ ते २०१० एवढीच वर्षं घेतली तर तो हिस्सा सुमारे ६९ टक्के होतो. "पूर्वीही वितळायचंच की" म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवते.

मग शेवटी विचारतात, थांबेल का? मोठ्या हिमनदीला हवामान बदलल्यावर जुळवून घ्यायला दशकं लागतात, त्यामुळे तापमान आज थांबलं तरी त्या आणखी काही काळ आखडत राहतील. २०२३ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर जगातल्या हिमनद्यांपैकी जवळपास निम्म्या संपतील, मुख्यतः लहान. चार अंशांवर गेली तर ८० टक्क्यांहून जास्त.