वावर दारव्ह्यात, ध्यान बंगालच्या उपसागरात (माझा अनुभव)

आमचं यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं सात एकर वावर आहे, सोयाबीन, तूर अन् थोडी पराटी, म्हणजे कापूस. समुद्र म्हणाल तर आयुष्यात एकदाच पाहिला, लग्न झाल्यावर मुंबईला गेलो होतो तेव्हा, तोही ओहोटीच्या टायमाला. तरी मी आता रोज सकाळी चहासोबत समुद्राचं बुलेटिन वाचतो. गावात लोक हसतात, घरात तर जास्तच.

हे सुरू झालं २०२१ च्या सप्टेंबरात. सोयाबीन सोंगून वावरातच ढीग मारून ठेवले होते, थ्रेशरवाला परवा येतो परवा येतो करत होता. टीव्हीवर गुलाब वादळ चालू होतं, २६ तारखेच्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ ते किनाऱ्याला धडकलं. दुसऱ्या दिवशी बातमी की वादळ कमजोर झालं. मी म्हटलं सुटलो एकदाचं, कुठं आंध्र अन् कुठं आपण, साडेसहाशे-सातशे किलोमीटर. मोठी ताडपत्री शेजारच्यानं मागितली तर देऊनही टाकली. अन् मग जे पाणी सुरू झालं ते काही विचारू नका. २८ ला उमरखेडकडं दहागावच्या पुलावरून एसटी वाहून गेली ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या ढिगाखालून पाणी वाहत होतं, उघाड पडली तोवर शेंगांतून कोंब आले होते. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बांधावर बसून राहिले.

माझा साळा विशाखापट्टणमला बंदरावर कामाला आहे. त्याला फोनवर सांगितलं की आम्हाला तर कमजोर झालं म्हणून सांगितलं होतं. तो म्हणे, "भाऊजी, कमजोर झालं म्हणजे वारं कमजोर झालं. पाणी कुठं कमजोर होते?"

खरं सांगतो, हे एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर तो हंगाम वाचला असता.

झालं असं की समुद्रावर कमी दाब तयार झाला की त्याला डिप्रेशन, डीप डिप्रेशन, सायक्लोन ही जी नावं देतात ना, ती सगळी वाऱ्याच्या जोरावरून ठरतात. १७ ते २७ नॉट वारं असलं की डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन, ३४ च्या वर गेलं की वादळ, अन् मग त्याला नाव मिळते. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, मी सरळ दुप्पट करतो अन् थोडं कमी धरतो. जमिनीवर आलं की खालून समुद्राची वाफ मिळत नाही, झाडं डोंगर वाऱ्याला अडवतात, म्हणून वारं पडते अन् कागदावर त्याचा दर्जा उतरतो. जहाजवाल्याला, कोळ्याला तेवढं पुरते. पण जी ओल ते सोबत घेऊन आलं ती कुठंतरी रिकामी होणारच, अन् ते कुठंतरी म्हणजे बऱ्याचदा छत्तीसगड, तेलंगणा अन् आपण.

मग साळा मला हवामान खात्याचं उत्तर हिंदी महासागराचं रोजचं बुलेटिन पाठवायला लागला. पहिले पंधरा दिवस काही म्हणता काही कळलं नाही. इंग्रजी, त्यात टाइम यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत. ०३०० लिहिलेलं मी पहाटेचे तीन समजून बसलो, ते आपले सकाळचे साडेआठ असतात, साडेपाच तास मिळवावे लागतात. लाटांचं तर मी आधी सोडूनच द्यायचो, रफ म्हणजे अडीच ते चार मीटर, व्हेरी रफ म्हणजे चार ते सहा मीटर, मला वावरात त्याचं काय करायचं? पण नंतर ध्यानात आलं की उत्तर आंध्र अन् ओडिशाच्या कोळ्यांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं की आपण इकडं बोटं मोजायला लागायचं, दोन दिवस, लय झालं तर तीन. सगळ्यात कामाचा तक्ता म्हणजे पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन बनायची शक्यता किती, निल (म्हणजे काहीच नाही), लो, मॉडरेट की हाय. मी आता आधी तेच पाहतो, बाकीचं मग.

फजितीही झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात हामून नावाचं वादळ आलं, मी नुसतं वादळ शब्द वाचला अन् घाबरून दसऱ्याच्या दिवशी जास्तीची मजुरी देऊन बाया लावल्या, कापूस वेचून घेतला. आभाळ कोरडं ठण. वादळ गेलं बांगलादेशात, अन् तिकडंच जाणार हे बुलेटिनमध्ये लिहिलेलं होतं, मी पुढं वाचलंच नव्हतं. बायको म्हणे, "तुमचा समुद्र लय महाग पडला बाप्पा." आजही दसरा आला की ऐकून घ्यावं लागते.

त्यामुळं आता दिशा पहिली पाहतो. ईशान्येकडं वळतंय, सोडून द्या. पश्चिमेला किंवा वायव्येला चाललंय, तर सावध. पावसाळ्यातलं डिप्रेशन वायव्येला सरकत असलं तर सगळ्यात जोराचं पाणी त्याच्या नैऋत्य बाजूला पडते, म्हणजे नकाशावर ते आपल्या उत्तरेकडून, मध्य प्रदेशातून जाताना दिसलं तरी खाली आपण भिजतो.

अन् त्याच २०२३ चा ऑगस्ट, तो आठवला तरी घशाला कोरड पडते. देशात १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नाही म्हणतात. तिकडं प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथलं पाणी तापलं की आपला पाऊस बऱ्याचदा कमी होतो ते, अन् इकडं पहिला आठवडा सोडला तर माझ्या तक्त्यात रोज निल, निल, निल. गावात भजन लावलं, मीही बसलो, पण घरी येऊन स्प्रिंकलरचे पाइप जोडले.

खरी परीक्षा २०२४ मध्ये. ऑगस्टच्या शेवटी बुलेटिनमध्ये पुन्हा तेच नाव दिसलं, कलिंगपट्टणम. नुसतं डिप्रेशन होतं, वादळ नाही, म्हणून नाव नाही, अन् नाव नाही म्हणून चर्चाही फार नाही. पण जागा तीच अन् दिशाही तीच, माझ्या तर पोटात गोळाच आला. ३१ तारखेला मी फवारणीवाल्याला नको म्हटलं, नाल्यावरची मोटर काढून घरी आणली, उताराच्या बाजूनं चर मोकळे केले. बाबा म्हणाले, "काहून रे, ऊन तर पडलं आहे." मी म्हटलं दोन दिवस थांबा. त्या रात्री ते किनाऱ्यावर चढलं अन् १ तारखेपासून आमच्याकडं झड लागली ती लागलीच. नाला मोटरच्या जागेवरून कमरेएवढा गेला. सोयाबीन दोन जागी पिवळं पडलं तेवढं पडलंच, सगळं काही वाचत नाही. शेजारच्याची मोटर मात्र गेली, त्याला सांगितलं होतं, पण तो म्हणे बातम्यात तर काही नाही.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन विचारतो, "काय म्हणते गा समुद्र?" मी तक्ता पाहून सांगतो. अन् किनाऱ्यावर काही चढलं की दुसऱ्या दिवशी साळ्याचा फोन ठरलेला, "भाऊजी, आमच्याकडून निघालं, तुमच्याकडं पोचलं का?"