त्याका कित्याक मारलंस?

मे महिन्यात पंधरा दिवस गावी होतो आणि रोज तिन्हीसांजेला खळ्यात आजीच्या शेजारी बसून तिला माझी कादंबरी वाचून दाखवत होतो. आजीला ऑपरेशन झाल्यावरही बारीक अक्षर दिसत नाही पण कान एकदम शाबूत, आणि गोष्ट म्हटली की ती हातातलं काम टाकून येणार. कादंबरी फॅन्टसी आहे. सोमा नावाचा तांडेलाचा, म्हणजे होडीच्या कप्तानाचा मुलगा, गावच्या राखणदाराने, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाने, आपल्या मागे राखण करायला त्याला निवडलंय, आणि त्याच्याबरोबर दर्यावर जाणारा रवळू, जो होड्या दुरुस्त करतो. सोमाचं रवळूवर प्रेम आहे आणि रवळूचं सोमावर, आणि हे पहिल्या पन्नास पानांतच कळतं, मी ते कुठे लपवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते पान आलं. पोटात गोळा होता. पाणी प्यायलो, वाचलं, थांबलो. आजी गप्प. मग म्हणाली, "आषाढात गलबत कोण घालता रे दर्यात? खुळो काय तो तांडेल?"

तिचं माहेर गाबीत वाड्यातलं, तिचे वडील आणि भाऊ दर्यावर जाणारे, तिला ते सहनच झालं नाही. आता सरकारी नियमानेही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण नियम नव्हता तेव्हाही पावसाळा लागला की होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय कोण बाहेर काढत नसे. मी आषाढ घातला होता कारण मला वादळ हवं होतं. आजीने मला अर्धा तास सांगितलं की वादळ हवं तर दिवाळीच्या आगेमागे घाल, तेव्हा दर्या फसवतो, माणूस बेसावध असतो. दोन पुरुषांबद्दल ती काहीच बोलली नाही. मला वाटलं तिला कळलं नसेल.

तिला कळलं होतं. ते पुढे सांगतो.

मला जे बोलायचंय ते असं आहे की फॅन्टसीतला हिरो गे असला तर वाचक त्याला स्वीकारतो का, आणि नाही स्वीकारलं तर नेमकं कुठे अडतो. मी हा प्रश्न गेली तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय कारण तो माझाच आहे, मी स्वतः गे आहे आणि मी लहानपणापासून राक्षस, जादू, तलवारी हेच वाचत आलोय.

२००६ ला मी मुंबईत शिकायला होतो आणि फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मर्सिडीज लॅकीचं 'मॅजिक्स पॉन' हाताला लागलं. १९८९ चं पुस्तक. कव्हरवर पांढरा घोडा बघून घेतलं, मला आत काय आहे काहीच माहीत नव्हतं. त्यातला व्हॅन्येल हा सरदाराचा मुलगा, त्याला जादू येते, आणि त्याचं एका मुलावर प्रेम बसतं. मित्र नाही, विदूषक नाही, चार पानांत मरणारा कोणी नाही, हिरोच. कोकण रेल्वेत कुडाळपर्यंत वरच्या बर्थवर पडून वाचलं आणि रत्नागिरीच्या पुढे कधीतरी रडायला लागलो, खालच्या काकूंनी विचारलं काय झालं रे बाबा, मी म्हटलं डोळ्यात काहीतरी गेलं.

पण व्हॅन्येलचा तो पहिला मुलगा मरतो. आणि तीन भागांच्या शेवटी व्हॅन्येलही मरतो, राज्य वाचवून, मोठा वीर होऊन, पण मरतोच. आपल्याकडे तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं, त्या काळात एवढ्या धीटपणे मराठी रंगभूमीवर हे आणलं याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे, पण त्यातली मित्रा, जिचं एका मुलीवर प्रेम आहे, तीही शेवटी जीव देते. कुठे मुंबईचं नाटक, कुठे अमेरिकेतली जादूची कादंबरी, आणि तरी शेवट सारखेच. आणि मी जेव्हा सोमा-रवळूचा पहिला खर्डा लिहिला तेव्हा सत्ताविसाव्या प्रकरणात मी रवळूला मारलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते आपोआप योग्य वाटलं, करुण वाटलं, मोठं साहित्य वाटलं.

असो, आधी संपादकांचं सांगतो. एका दिवाळी अंकाला मी त्यातला एक भाग स्वतंत्र कथा म्हणून पाठवला होता. संपादकांचा फोन आला, अगदी प्रेमाने बोलले, भाषा आवडली म्हणाले, समुद्र आवडला, राखणदार आवडला, फक्त "याची कथेला गरज आहे का?" म्हणाले. रवळूच्या जागी मुलगी केलीत तर लगेच घेतो. मी फोन ठेवला आणि खरंच त्या रात्री करून बघितलं, रवळूची शेवंती केली. मराठीत हे काम किचकट आहे कारण नुसतं नाव बदलून भागत नाही, आला ची आली, चढला ची चढली, थकलेला ची थकलेली, प्रत्येक वाक्यात हात घालावा लागतो. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, इंग्रजीत आय लव्ह यू कोण कोणाला म्हणतंय ते कळत नाही, तिथला लेखक मनात आलं तर अख्खं प्रेमपत्र झाकून ठेवू शकतो. मराठीत दुसऱ्या वाक्याला उघडं पडतं. ज्याच्यावर की जिच्यावर, लिहायचंच. मी कॉलेजात मित्रांना माझ्या मनातल्या माणसाबद्दल सांगताना "ती व्यक्ती" "ती व्यक्ती" करत वर्षं काढली आहेत, त्यामुळे ही भाषेची पकड किती घट्ट आहे ते मला माहीत आहे.

तर पहाटेपर्यंत शेवंती तयार झाली आणि मी वाचून बघितलं तर गोष्ट मेली होती. कारण होडीवर बाई कशी आली हे आता समजावावं लागत होतं. आणि रात्री दोघं गलबतावर एकाच घोंगडीखाली झोपतात तो प्रसंग, सोमा-रवळूच्या वेळी तांडेल त्यांच्या अंगावरून ओलांडून जातो आणि त्याला काही म्हणजे काही वाटत नाही, दोन खलाशी झोपलेत बस, आणि वाचकाला मात्र माहीत असतं की त्या घोंगडीखाली हातात हात आहे. सगळ्यांच्या डोळ्यासमोर असून कोणाला न दिसणारं प्रेम, तीच तर माझी गोष्ट होती. शेवंती आली की तिथे बोभाटा व्हायला पाहिजे. मी संपादकांना कळवलं की गरज आहे. त्यांनी कथा परत केली. त्यांच्यावर राग नाही माझा, पण ते "गरज" मला अजून टोचतं, कारण सोमाचं शेवंतीवर प्रेम असायची कथेला गरज आहे का असं त्यांनी विचारलं नसतं.

आता दुसरा वाचक, माझा मालवणचा मित्र. हा माझ्यापेक्षा जास्त फॅन्टसी वाचतो, ड्रॅगन म्हणू नका, एल्फ म्हणू नका, सगळं पाठ. आठ भाग त्याला व्हॉट्सअपवर पाठवले होते, चौथ्यानंतर थांबला. महिन्याने भेटला तेव्हा मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "मला प्रॉब्लेम नाही रे, पण मला सोमा होता येईना." मी यावर खूप विचार केला. वास्तववादी कादंबरी वाचताना आपण पात्राच्या समोर बसतो. २००६ सालीच सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली होती, त्यातही एका मुलाचं पुरुषावर प्रेम आहे, ती आवडणारे कितीतरी लोक मला भेटलेत, त्यांना तिथे अडचण आली नाही. फॅन्टसी वाचताना आपण समोर बसत नाही, हिरोच्या अंगात शिरतो, तलवार आपल्या हातात असते, घोडा आपला असतो, आणि मग हिरोचं मन जिकडे जातं तिकडे आपलंही जावं लागतं. म्हणून मला वाटतं इथे स्वीकारणं जास्त अवघड आहे. मित्र खोटं बोलत नव्हता. पण मी त्याला म्हटलं, मी वीस वर्षं राजकन्येवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या अंगात राहिलोय, मला कोणी विचारलं का तुला जमतंय का? जमवलं. सवयीने जमतं. तो गप्प बसला. सहाव्या भागातली मारामारी कशी संपते हे कळल्याशिवाय त्याला राहवेना म्हणून परत वाचायला लागला, आणि त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं की ती दोन पानं तो अजून स्क्रोल करून पुढे जातो. ठीक आहे.

"आपल्याकडे तर शिखंडी आहे, मोहिनी आहे, दशावतारात पुरुषच बायका होतात, मग लोकांना काय अडचण" असं मला खूप जण म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात. मला हे पटत नाही. दशावतार मी लहानपणापासून जत्रेत रात्र रात्र बघितलाय, स्त्रीपार्टी करणारा नट रडायला लागला की समोरच्या बाया पदर डोळ्याला लावतात, ते मला अतिशय प्रिय आहे. पण तिथे पुरुषाला साडी नेसावी लागते. पुराणातही बघा, सुद्युम्नाची इला झाली मग बुधाशी लग्न, विष्णूची मोहिनी झाली मग शंकर मागे धावले. प्रेम व्हायचं तर दोघांतल्या एकाला बदलावं लागतं. रवळू बदलत नाही. त्याला दाढी आहे, अंगाला डांबराचा वास आहे, तो रवळूच राहतो, आणि त्याच्यासाठी मला जुनी गोष्ट तयार मिळत नाही.

मग वाचकाला हे खरं वाटायला काय लागतं? मला उत्तर आरवलीत मिळालं, शिरोड्याजवळ, वेतोबाच्या देवळात. तिथे लोक केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला देतात, वेतोबा रात्री गावावर राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे आणि त्या चपला झिजतात. आजी मला लहानपणी हात धरून न्यायची आणि सांगायची, "तळवे बघ, झिजलेत." वेतोबा आहे की नाही यावर ती कधी बोलली नाही. झिजलेले तळवे दाखवले, बस.

माझ्या पहिल्या खर्ड्यात सोमा प्रेमावर भाषणं करायचा. दोन दोन पानं. प्रेम हे प्रेम असतं वगैरे. ते सगळं मी वाचकाला घाबरून लिहिलं होतं, आधीच वकिली. एलन कुशनरचं 'स्वोर्ड्सपॉइंट' १९८७ चं, त्यात तलवारबाज रिचर्ड आणि त्याचा अ‍ॅलेक एका खोलीत राहतात, भांडतात, त्यांच्या शहरात कोणाला त्याचं नवल नाही आणि लेखिका एक अक्षर समजावत नाही. शिवाय शेवटी दोघं जिवंत असतात! याच्या उलट हॅरी पॉटरमधला डम्बलडोर, तो गे आहे हे लेखिकेने ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्कला कार्यक्रमात सांगितलं, तोवर सातही पुस्तकं छापून झाली होती. मला ती बातमी वाचून आनंद झाला आणि मग रिकामं वाटलं, कारण पुस्तक उघडून बोट ठेवावं असं वाक्य नाही. म्हणजे चपलाच नाहीत.

मी भाषणं काढली. रवळू कालवणातलं सुरमईचं डोकं सोमाच्या ताटात सरकवतो, न बोलता. सोमाचं जाळं फाटलं की रवळू सुई-दोरा घेऊन बसतो आणि जिथे त्याने शिवलंय तिथली गाठ सोमा अंधारात बोटाने ओळखतो. एवढंच ठेवलं.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणून, तेव्हा चवथ, म्हणजे गणपती, आठवड्यावर होती, घरात रंग चालू होता, टीव्हीवर बातमी लागली आणि बाबांनी काही न बोलता चॅनल बदललं. त्या घरात मी अजून काही बोललेलो नाही. म्हणून खळ्यात बसून आजीला वाचून दाखवणं माझ्यासाठी काय होतं ते समजा.

अकराव्या दिवशी सत्ताविसावं प्रकरण आलं. रवळू बुडतो, सोमा तीन दिवस किनाऱ्यावर बसून राहतो. माझा आवाज भरून आला होता. वाचून संपलं तर आजी रागावलेली. खरी रागावलेली, पान जुळवता जुळवता हात थांबला तिचा.

"त्याका कित्याक मारलंस? तेचो काय गुन्हो?"

मी म्हटलं, आजी, गोष्टच तशी आहे.

"तुझी ना गोष्ट? मगे? सोमाक दुसरा कोण आसा?"

दुसरा कोण आसा. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती काही वेगळं बोलली नव्हती, पान तोंडात घालून चुन्याची डबी शोधत होती, पण मला कळलं की तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं.

पुढचे चार दिवस मी वाचलं नाही, लिहिलं. गलबत आषाढातून काढून दिवाळीनंतर घातलं. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर रवळूची फळी किनाऱ्यापासून लांब जात राहते ती आता दुसऱ्या गावच्या रापणकरांना, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, सापडते, आणि सोमा देवळात कौल लावतो तो उजवा, म्हणजे शुभ, होतो. निघायच्या आदल्या रात्री ते वाचून दाखवलं. रवळू परत येतो, सोमा त्याला काही म्हणत नाही, चुलीवर भाकरी टाकायला बसतो.

आजीने विचारलं कालवण कसलं होतं. मी ते लिहिलंच नव्हतं. बांगड्याचं घाल म्हणाली, माणूस दर्यातून जिवंत आला की साधं तिखट बांगड्याचंच खावंसं वाटतं, त्यात त्रिफळं घालायला विसरू नको. घातली आहेत.