स्कॅन केल्यावर काहीतरी घडलं पाहिजे

क्यूआर कोड वापरून कोणी गेम किंवा कलेचं इन्स्टॉलेशन केलंय असं कळलं की मी पहिलं एकच बघते, स्कॅन केल्यावर काय होतं. बहुतेक ठिकाणी वेबसाईट उघडते आणि कलाकाराची माहिती येते, म्हणजे चित्राशेजारची पाटी भिंतीवरून उतरून मोबाईलमध्ये गेली, बाकी काही नाही. मला वाटतं स्कॅन करणं हीच खेळातली चाल असायला हवी, पटावर सोंगटी सरकवावी तशी. ती चाल केली नाही तर खेळ पुढे जाऊच नये.

आणि ही कल्पना जुनी आहे बरं का. १९९१ मध्ये जपानच्या एपॉक कंपनीने बारकोड बॅटलर नावाचा छोटा गेम काढला होता, दुकानातल्या पाकिटांवरचे बारकोड कापायचे, कार्डावर चिकटवायचे आणि यंत्रातून सरकवायचे, त्या आकड्यांतून एक लढवय्या तयार व्हायचा. कुठल्या पाकिटात तगडा गडी निघेल ते सरकवल्याशिवाय कळायचं नाही! पडद्यावर फारसं काही नव्हतंच, सगळी मजा घरातल्या किराणात होती.

क्यूआर कोडचं मूळही खेळापाशीच सापडतं. डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या टीमने तो १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला, आणि काळ्या-पांढऱ्या चौकोनांची कल्पना हारांना 'गो' खेळाच्या पटावरून सुचली. कोपऱ्यातले ते तीन मोठे चौकोन असतात ना, त्यांच्या मधोमध रेघ मारली तर काळं-पांढरं १:१:३:१:१ या प्रमाणात येतं. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच सापडतं म्हणून ते निवडलं, त्यामुळे मोबाईल तिरका धरा नाहीतर उलटा, कोड कुठे आहे हे कॅमेऱ्याला लगेच कळतं.

आता गेम करणाऱ्यांसाठी खरी गंमत इथे आहे. कोडमध्ये खराब झालेला भाग भरून काढायची सोय असते, तिच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, म्हणून लोक बिनधास्त मधे लोगो टाकतात. पण ही माफी फक्त आतल्या डेटाला आहे, त्या तीन चौकोनांना नाही. एक कोपरा काढला की साधारण मोबाईल गप्पच बसतो. आम्ही गोव्यात फोंड्याला मुलांसाठी गेम केला त्यात हेच वापरलं, भिंतीवर एक कोपरा नसलेला कोड आणि तो कोपरा दुसऱ्या टीमच्या कार्डावर, दोघांनी जवळ येऊन कार्ड खाचेत नीट बसवलं तरच कोड उघडणार. मुलं भांडतात, सौदे करतात, मग शेवटी एकत्र येतात. ना ॲप लागलं ना सर्व्हर.

सर्व्हर नको याचं कारण साधं आहे, आतल्या गावांत रेंजचा भरवसा नाही. शिवाय मासळी बाजारापासून रसवंतीपर्यंत सगळीकडे यूपीआयचे कोड लागलेत, त्यामुळे कोड दिसला की मोठ्या माणसांना आधी पैसे आठवतात आणि अनोळखी लिंक उघडायला ती घाबरतात, ते बरोबरच आहे. म्हणून मी लिंक टाळते आणि मजकूर थेट कोडमध्येच भरते. मराठीत लिहिताना मात्र हिशोब बदलतो, देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रासुद्धा ३ बाइट खाते. ५७ बाय ५७ चौकोनांचा कोड त्या सोयीच्या मधल्या लेव्हलला २१३ बाइट घेतो, म्हणजे मात्रा-काने धरून ७१ चिन्हं, एवढ्यात एक नेटका उखाणा बसतो. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीखाली, हे छान जमतं, कोड स्कॅन केला की उखाणा येतो आणि उत्तर वर टांगलेलं असतं, कवंडाळ, चिबूड, नीरफणस, सुपारीचा घोस. मुलांना मोबाईलमधून मान वर काढावीच लागते, मला नेमकं तेच हवं असतं.

रंगाचंही सांगते, कारण कोड म्हणजे काळाच असं धरून चालतात लोक. आपल्याकडच्या देवळांतली कावी कला बघा, ओल्या चुन्यावरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा दाखवतात. कॅमेऱ्याला गडद आणि फिकट यातला फरक पुरतो, त्यामुळे गडद कावीचा कोड मोबाईल आरामात वाचतो. फक्त दुकानातला लाल लेझरवाला स्कॅनर तिथे चालणार नाही, त्याच्या उजेडात तांबडं पांढऱ्यासारखंच दिसतं. भोवती ४ चौकोनांएवढी कोरी जागा तेवढी सोडा, नक्षी तिथपर्यंत नेण्याचा मोह खूप होतो. आणि लॅमिनेशन मॅटच करा, चकचकीत केलं तर ऊन पडलं की संपलं.

उन्हावरून आठवलं, २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरात ईमार्ट या सुपरमार्केटने सावलीचा कोड उभा केला होता, दुपारी १२ ते १ मध्येच सावल्या नीट पडून तो स्कॅन व्हायचा. तसं काहीतरी चिऱ्यांत करायची माझी फार इच्छा आहे. पण गोव्यात मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या दगडाची सावली जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे चिऱ्यांची उंची डिसेंबर-जानेवारीच्या उन्हावर बेतावी लागेल. गवंडीकाम आणि सावल्यांचं गणित दोन्ही कळणारं कोणी असेल तर कमेंटमध्ये सांगा, चिरे मी आणते.