एक जास्तीचा 'जी'

तापमान चाचणीच्या चेंबरमध्ये 60 इलेक्ट्रॉनिक बोर्ड होते. मायनस 40 वर अर्धा तास धरल्यावर त्यातले 9 गप्प झाले. तापमान वर चढवलं, मायनस 10 च्या आसपास एकेक करून परत बोलायला लागले, आणि 25 अंशांवर साठच्या साठ ठणठणीत. पर्यावरण चाचणीत वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रकार सरळ मेलेल्या बोर्डापेक्षा नकोसा वाटतो. मेलेल्या बोर्डाची छाननी तरी करता येते. थंडीत मरून उबेत जिवंत होणाऱ्या बोर्डाबद्दल कोणीतरी "कनेक्टर नीट बसला नसेल" म्हणतं आणि मोकळं होतं.

उपकरणाचं नाव लिहिता येणार नाही. लष्करी वाहनावर बसणाऱ्या एका संचाचं सिग्नल प्रोसेसिंगचं कार्ड, मधोमध एफपीजीए, म्हणजे हवी तशी प्रोग्राम करता येणारी चिप, बुडाशी सोल्डरचे 484 बॉल. चार वर्षांत त्याचे 12 संच केले. प्रोटोटाइप, वाळवंटातल्या चाचण्या, डोंगरावरच्या चाचण्या, ड्रॉइंगमधले बदल, परत चाचण्या. मग एकदम 600 ची ऑर्डर, मुदत 24 महिने. या धंद्यात वाढ अशीच होते, मधल्या पायऱ्या नसतातच. ऑगस्ट 2020 मध्ये संरक्षण सामग्रीच्या आयातबंदीची 101 वस्तूंची पहिली यादी आली, ऑक्टोबर 2021 मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, डिसेंबर 2023 मध्ये सरकारी कंपनी बीईएलच्या पुणे युनिटशी तोफगोळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा दहा वर्षांचा 5,336 कोटींचा करार झाला. 2023-24 मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन 1.27 लाख कोटींवर गेलं, निर्यात 21,083 कोटींवर. हे आकडे पेपरात येतात. बोर्ड मात्र भोसरी-चाकणच्या कुठल्यातरी शेडमध्ये भरले जातात. शेअरवाले नातेवाईक लग्नात भेटले की "ऑर्डर बुक किती?" विचारतात. एक्स-रे मशीन किती, हे कोणी विचारत नाही. 12 संच करताना आमच्याकडे एक होतं. 600 करतानाही एकच.

आमच्याकडे प्रत्येक बोर्ड कोटिंगच्या (वरून बसणाऱ्या संरक्षक थराच्या) आधी स्क्रीनिंगमधून, म्हणजे कच्चे जॉइंट उघडे पाडणाऱ्या चाचण्यांमधून, जातो. आधी रँडम व्हायब्रेशन: 20 ते 2000 हर्ट्झ, 6.06 जी आरएमएस (कंपनाचा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत), दहा मिनिटं. मग मायनस 40 ते अधिक 71 च्या थर्मल सायकल, मिनिटाला 10 अंशांच्या वेगाने, बोर्ड चालू ठेवून. कोटिंगच्या आधीच का, हे नव्या मॅनेजरांना दर तिमाहीला समजवावं लागतं. कारण कोटिंग एकदा बसलं की खराब जॉइंटपर्यंत पोचायला ते आधी सोलावं लागतं. "स्क्रीनिंग एकदाच, शेवटी करू, आठवडा वाचेल" ही सूचना मी दोनदा परतवली आहे. या बॅचच्या वेळी तिसऱ्यांदा येऊ घातली होती.

गप्प झालेल्यांपैकी एक बोर्ड टेबलावर घेतला. फ्रीझ स्प्रेचा फवारा एफपीजीएच्या एका कोपऱ्यावर मारला. घड्याळाचा सिग्नल स्कोपवर सरळ होता, डेटा बंद. मग फायबरच्या काडीने त्याच कोपऱ्यातली हीटसिंकची (चिपवर चिकटवलेल्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याची) कड हलकेच दाबली आणि डेटा सुरू झाला. काडी उचलली की बंद, दाबली की सुरू. नऊपैकी सात बोर्डांत हेच झालं, दोघांनी टेबलावर दाद दिली नाही. कोपरा मात्र प्रत्येक वेळी तोच नव्हता, त्यामुळे बोर्डावरच्या पॅडचा (बॉल बसतो ती तांब्याची टिकली) किंवा व्हियाचा (बोर्डाचे थर जोडणारं भोक) दोष असण्याची शक्यता मागे पडली. ट्रॅक तुटलेला असता तर सगळ्यांचा एकाच जागी तुटला असता.

मग एक्स-रे. जुन्या 12 संचांमधला एक बोर्ड आम्ही नमुना म्हणून ठेवतो. तो आणि हा शेजारी शेजारी लावले. जुन्यात बॉल गडद काळे, थोडे पसरलेले, खाली बसलेले. नव्यात करडे, स्वच्छ गोल, एकसारखे. दिसायला नवे जास्त सुंदर होते. एक्स-रे ऑपरेटरने पहिल्या दिवशी सगळे पास केले ते त्यामुळेच. त्याच्या चेकलिस्टवर पोकळी, शॉर्ट आणि गायब बॉल एवढंच लिहिलेलं होतं. पोकळी 30 टक्क्यांच्या आत, शॉर्ट नाही, 484 च्या 484 बॉल हजर. बॉल वितळून बसला आहे का, हा रकानाच नव्हता. चेकलिस्ट ज्याने लिहिली त्याला तो प्रश्न पडलाच नव्हता, कारण तेव्हा चिपच वेगळी होती.

एक्स-रेमध्ये शिसं जास्त काळं दिसतं. करडा बॉल म्हणजे शिसं नसलेला बॉल. कॅमेऱ्याने बोर्ड तपासणाऱ्या एओआय मशीनवर या बॅचचे फोटो होते, हीटसिंक चिकटवण्याआधीचे. चिपच्या डोक्यावरचा नंबर मोठा करून पाहिला. आमच्या बीओएममध्ये (सुट्या भागांच्या यादीत) एफजी484. चिपवर एफजीजी484. तो जास्तीचा 'जी' म्हणजे लेड-फ्री. बाकी सगळं तेच: तेच सिलिकॉन, तेच 484 बॉल, बॉलमधलं तेच एक मिलिमीटरचं अंतर, तोच प्रोग्राम.

बाहेरच्यांना वाटतं, शिसं काढलं म्हणजे सुधारणाच झाली. घरच्या टीव्हीसाठी ते ठीक. युरोपात 1 जुलै 2006 पासून शिशावर बंदी आली, पण लष्करी उपकरणं तिच्यातून वगळलेली आहेत. शुद्ध टिनच्या पृष्ठभागावर केसासारखे तंतू उगवतात, व्हिस्कर. ते शेजारच्या पायाला टेकले की शॉर्ट. उपग्रहसुद्धा या तंतूंपायी निकामी झाले आहेत. टिनमध्ये तीन टक्क्यांच्या वर शिसं असलं की हा उपद्रव बहुतांशी थांबतो. म्हणून आम्ही अजून 63 टक्के टिन आणि 37 टक्के शिशाच्या सोल्डर पेस्टवर आहोत. ही पेस्ट 183 अंशांना वितळते. सोल्डर वितळवणाऱ्या आमच्या ओव्हनच्या प्रोफाइलमध्ये (तापमानाच्या आखणीत) या चिपखाली सर्वोच्च तापमान 214. टिन-चांदी-तांब्याचा लेड-फ्री बॉल 217 ला वितळायला लागतो.

तीन अंश कमी पडले. पेस्ट वितळली, बॉलच्या बुडाशी चिकटली, थोडी आत शिरली. बॉल स्वतः तसाच उभा. बॉल वितळून खाली बसतो तेव्हा बोर्डाचा आणि चिपचा वाकडेपणा त्यात सामावून जातो. बॉल कडकच राहिला तर मधले चांगले टेकतात आणि कोपऱ्यातले जेमतेम. त्या जेमतेम जॉइंटला व्हायब्रेशनने चीर पडली, तरी खोलीच्या तापमानाला धातूला धातू टेकलेला राहतो, चाचणी पास होते. मायनस 40 ला बोर्ड आणि चिप वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि फट उघडते.

परचेसला जाऊन विचारलं. शिशाच्या व्हेरिएंटला 40 आठवडे सांगत होते, 'जी'वाली स्टॉकमध्ये होती. उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का दंड. वितरक अधिकृत, सर्टिफिकेट खरं, साइटवर पार्टसमोर हिरव्या पानाचं चित्र. आणि आमच्याच बीओएममध्ये नंबरापुढे "किंवा समतुल्य" लिहिलेलं. परचेसच्या त्या माणसाने कागदावरचा एकही नियम मोडला नव्हता. हे दोन शब्द डिझाइनवाल्यांनी 12 संचांच्या काळात टाकले होते, तेव्हा परचेस, स्टोअर आणि लाइन मिळून चार माणसं होती आणि शंका आली की ती एकमेकांच्या टेबलाशी जायची. आता एकट्या परचेसमध्ये अकरा आहेत.

ओव्हनचं तापमान वाढवा, असं पहिल्याच मीटिंगमध्ये सुचवलं गेलं. लेड-फ्री बॉल नीट बसायला चिपखाली 230 च्या आसपास हवं. त्याच बोर्डावर जुन्या पद्धतीची दोन मोठी पॅकेजेस आहेत, त्यांची मर्यादा 220. म्हणजे एक जॉइंट वाचवायला दोन चिप भाजायच्या. राहिलं रीबॉलिंग, म्हणजे चिपचे बॉल बदलणं. चिप 125 अंशांवर 24 तास बेक करायची, नाहीतर आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पॅकेज फुटतं. मग 484 बॉल काढायचे, पॅड वातीने साफ करायचे, फ्लक्स, स्टेन्सिल, 0.6 मिलिमीटरचे टिन-शिशाचे बॉल, परत ओव्हन, धुलाई, एक्स-रे. बोर्डावरची चिप असेल तर ती उतरवणं आणि बोर्डाचे पॅड साफ करणं वेगळं. 60 पैकी 3 बोर्डांचे पॅड उतरवतानाच उपटले गेले. या सगळ्याला ग्राहकाकडून डेव्हिएशनची, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं करण्याची, मंजुरी लागते. ती यायला सहा आठवडे लागले, आणि त्यात दोन आठवडे आमच्या पत्रातला संदर्भ क्रमांक चुकला म्हणून गेले. निरीक्षकांनी कागद बारकाईने तपासले. एक्स-रे दाखवा, असं एकदाही म्हणाले नाहीत.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण स्टोअरमध्ये मोजणी केली. 'जी'वाल्या चिप आल्या 120, साठ-साठच्या दोन ट्रे. या बॅचला लागल्या 60. शिल्लक 46. म्हणजे 14 चिप आधीच्या बॅचमध्ये गेल्या. ती बॅच 50 बोर्डांची होती, स्क्रीनिंग होऊन, कोटिंग होऊन, रवाना होऊन दोन महिने झाले होते. दोन्ही चिपना ईआरपीमध्ये (कंपनीच्या संगणकावरच्या नोंदींत) आयटम कोड एकच, त्यामुळे कुठल्या 14 बोर्डांत हे रेकॉर्डवरून कळेना. एओआयचे फोटो पाहायला गेलो. पूर्वी डिस्कवर वर्षभराचे फोटो राहायचे. आता उत्पादन दहापट, डिस्क तेवढीच, पाच आठवड्यांनी जुने फोटो पुसले जातात. नवी डिस्क जास्तीत जास्त दहा हजारांची.

त्या बॅचच्या स्क्रीनिंगची वही काढली. दोन बोर्ड मायनस 40 ला बंद पडल्याची नोंद सापडली. शेरा: "कनेक्टर पुन्हा बसवला, चाचणी पास." टेस्टवाल्यांवर ओरडायला तोंड उघडलं होतं. शेऱ्याखाली सही माझी होती.

50 संच परत मागवायचं पत्र पाठवलं. मार्केटिंगला ते आवडलं नाही, "तपासणीसाठी" ऐवजी "सॉफ्टवेअर अपडेटसाठी" लिहा म्हणाले. लिहिलं नाही. 38 संच ग्राहकाच्या डेपोत बंद खोक्यांत होते, ते महिन्याभरात आले. सुदैवाने एक्स-रेला कोटिंग आणि अॅल्युमिनियमची हीटसिंक आड येत नाही. दोन दिवसांत 38 पाहिले, 10 मध्ये करडे बॉल. वाहनांवर बसलेले 12 होते. त्यातले 9 आले, 3 मध्ये करडे बॉल.

तीन संच अजून बाहेर आहेत. त्यांच्यात एक 'जी' आहे. युनिटकडून गेल्या आठवड्यात उत्तर आलं की तिन्ही वाहनं सध्या उंचावरच्या भागात आहेत आणि संच व्यवस्थित चालू आहेत. तिथली थंडी अजून सुरू व्हायची आहे.