नाईलमापकाच्या पायऱ्यांवर निघालेला क्षारपडीचा विषय

इजिप्तमधल्या आस्वानच्या एलिफंटाइन बेटावरचा नाईलमापक, म्हणजे नाईल नदीच्या पुराची उंची मोजायची जुनी जागा, पर्यटकांना दाखवणं हे माझं नेहमीचं काम. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, भिंतीवर 'हात' या जुन्या मापाच्या खुणा. एक राजहात म्हणजे साधारण 52.5 सेंटिमीटर, त्यात 28 बोटं. लोक फोटो काढतात, निघतात. त्या दिवशी सांगलीकडचे एक शेतकरी काका मात्र खालच्या पायरीवर अडले. "पूर्वी इथले लोक पुराचं पाणी दीड-दीड महिना रानात तुंबवायचे म्हणता, मग जमीन क्षारपड कशी झाली नाही? आमच्याकडं उसाला पाणी पाजून पाजून मीठ फुटलंय."

'गाळ आला, सोनं पिकलं' एवढंच सांगून आम्ही गाईड मोकळे होतो. खरी गंमत पाणी जाण्यात आहे.

इथिओपियात पाऊस पडला की निळी नाईल आणि अटबारा या नाईलला मिळणाऱ्या नद्या गाळ घेऊन येत. जूनअखेर पाणी चढू लागे, सप्टेंबरात कळस. भरड गाळ काठाशीच बसायचा, म्हणून काठ उंच आणि मागचं रान सखल. काठाला चर पाडून पाणी आत घ्यायचं, आडव्या बांधांनी 40 ते 60 दिवस अडवायचं, मग बांध फोडून खालच्या खाचरात किंवा परत नदीत सोडायचं. ओल्या चिखलात बी फेकून वर मेंढ्या फिरवायच्या. आपल्या गाळपेरीसारखंच. पुढं धान्याला सहसा पाणी नाही. बांध उशिरा फुटला तर पेरणी लांबे आणि दाणा उन्हात सापडे.

कापणीनंतर नदी खोल जाई, तिच्यामागं भूजलही. जमीन भेगाळे. मीठ वर चढायला ओलच नसे. जे उरे ते पुढचा पूर धुऊन नेई.

"म्हणजे निचरा फुकटात!" काका म्हणाले. पेरायचे काय? जव, जवस आणि गहू. तोही खपलीच, हे ऐकून तर ते खूश झाले.

अर्थात सगळा खेळ उंचीचा. रोमन लेखक प्लिनीनं इजिप्तचा हिशेब दिलाय: 12 हात पाणी म्हणजे उपासमार, 14 म्हणजे आनंद, 16 म्हणजे चंगळ. त्याहून चढलं की बांध फुटत, कच्च्या विटांची घरं विरघळत. सारा किती बसवायचा तेही या खुणांवरून ठरे.

1970 मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं, पूर थांबला. बारमाही पाणी आलं, मागोमाग मीठही; आता तिथं शेताखाली निचऱ्याचे पाईप टाकतात, म्हटलं. काकांनी फोटो काढलाच नाही. पाईप किती फुटांवर टाकतात, तेवढं विचारलं.