राइट टर्नमधला चारचा ठोका

साल्सा या जोडीच्या नाचात लीड करणाऱ्याला, म्हणजे इशारे देणाऱ्याला, राइट टर्न, म्हणजे जोडीदाराची उजवीकडची गिरकी, अगदी सुरुवातीला शिकवतात आणि नंतर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सगळ्यांना रीलमधल्या करामती हव्या असतात. मी यंदा नवीन काही शिकायचं थांबवलं आणि या एकाच गिरकीच्या मागे लागलो. निमित्त झालं माझ्या सरावातल्या पार्टनरचं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये येणारी ही फार्मसीची विद्यार्थिनी एकदा म्हणाली, "दादा, टर्न संपता संपता मी दर वेळी तुमच्याकडे कलंडते. सरांसोबत असं होत नाही."

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं, तेव्हा गोम पाचव्या काउंटवर सापडली. आम्ही ऑन वन नाचतो, म्हणजे आठ काउंटच्या फेरीत पहिल्याच काउंटला पुढचं-मागचं पाऊल टाकतो. फॉलोअर, म्हणजे लीडच्या इशाऱ्यावर नाचणारी जोडीदार, पाचला डावा पाय पुढे टाकून उजवीकडे वळते, सहाला वजन उजव्या पायावर घेते आणि सातला गिरकी पुरी करते. नेमका त्याच पाचला लीडचा उजवा पाय मागे जातो. पायासोबत धड, धडासोबत खांदा आणि खांद्यासोबत तिच्या डोक्यावर धरलेला डावा हात. ती पुढे येऊन फिरतेय आणि हात वीतभर मागे सरकलाय, मग तोल जाणार नाही तर काय!

म्हणजे पाऊल लहान टाकायचं आणि धड मागे जाताना कोपर तेवढंच उघडू द्यायचं, की हात जागचा हलत नाही. कळायला दोन मिनिटं लागतात, अंगात मुरायला बराच वेळ. घरी गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी जरा उंच बांधली, तिच्यात दोन बोटं अडकवली आणि बेसिक पावलं करत राहिलो. दोरी ताणली गेली, की हात ओढला. आई आतून ओरडायची, "अरे, ओले कपडे आहेत त्यावर, तुटेल ती!" कपड्यांच्या वजनाने दोरी जास्तच बोलकी व्हायची, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. इशारा पाचला देऊन चालत नाही, तोवर तिचं पाऊल पडलेलं असतं. हात चारलाच वर जायला हवा. मिनिटाला १८० बीट्सचं गाणं असेल तर एक काउंट म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. चारला पाऊल नसतं, म्हणून नवखे तो काउंट मोकळा समजतात. पण गाण्यातला काँगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, ऐका. चारवर आणि लगेच त्याच्या अर्ध्यावर असे दोन खुले, घुमणारे ठोके पडतात. गणपतीत नाशिक ढोल वाजवून माझे कान असल्या ठोक्यांना सरावलेत, त्यामुळे काउंट मोजणं सोडून मी तेच पकडायला लागलो. पहिल्या ठोक्याला हात उचलायचा, दुसऱ्याला तो तिच्या डोक्याच्या जरा वर पोचलेला हवा. फार उंच नेला तर तिचा खांदा उचकटतो.

पकडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंगठा दाबायचा नाही, दोन बोटं खाली सोडायची, तिचा हात त्यांच्याभोवती फिरतो. रवीने ताक घुसळावं तसा हात फिरवणारे लीड पुष्कळ दिसतात. गिरकी तिची असते, ती तिच्या पायांनी घेते. आपण फक्त कधी आणि कुठे ते सांगायचं.

आणि फरशी! आमच्याकडे टाइल्स आहेत, रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज त्यावर चिकटतात आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. माझ्या पार्टनरने शालिमारला चप्पल शिवणाऱ्या काकांकडून जुन्या बुटांना चामड्याचा तळ लावून घेतला. त्याने निम्मं काम झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ती कलंडत नाही. नवी तक्रार आहे, "दादा, सहालाच हात खाली आणता, माझ्या क्लचरला लागतो. सातपर्यंत वर ठेवा ना." गॅलरीतली दोरी त्यासाठी पुन्हा रिकामी करून मागितलीये.